मागें येण्याची सोय

गेल्या दसऱ्याच्या आधीं चार दिवस आमचा पुतण्या पुण्याहून आला, आणि रात्रीचीं जेवणें उरकून आम्ही सुपारी कातरीत बसलों असतां त्यानें आमच्यापुढें एक अर्ज ठेवला. अर्ज तोंडीच होता. पण बोलण्याची तयारी त्यानें वाटेंत पुष्कळ केली असावी. आमच्या घराच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या छपराखालीं एक जुनी मोटार उभी आहे. तिच्यांतलें डिझेल एंजिन काढावें, त्या जागीं विजेची मोटर बसवावी, मागच्या डिकींत बॅटऱ्या ठेवाव्या, आणि मग ती गाडी पुन्हां रस्त्यावर आणावी, असा त्याचा बेत. खर्च तो करणार, कारागीरही त्यानें पाहून ठेवलेले. हवी होती ती केवळ संमति. "बाबांना विचारलें, तर ते म्हणाले, काकाला विचार," असें तो म्हणाला. त्याचे बाबा, म्हणजे आमचे दादा, झोपाळ्यावर वर्तमानपत्र वाचीत बसले होते. त्यांनीं तें तोंडासमोरून बाजूला केलें नाहीं.

आम्हीं लगेच उत्तर दिलें नाहीं. वाचकांना वाटेल, एका बंद पडलेल्या गाडीसाठीं एवढा विचार कशाला? परंतु ज्या घरांत ही शस्त्रक्रिया एकदां होऊन गेली आहे, त्या घरांतील माणसांना तिच्याविषयीं सहज बोलतां येत नाहीं. त्या गाडींत सध्यां जें डिझेल एंजिन आहे, तें तिचें जन्माचें नव्हे.

आमचे वडील, ज्यांना सारा गांव नाना म्हणे, कृष्णाकांठच्या एका तालुक्याच्या गांवीं डॉक्टर होते. १९७४ सालीं त्यांनीं अँबॅसडर गाडी घेतली. त्या काळीं आधीं नांव नोंदवावें, मग वाट पाहावी, आणि एके दिवशीं नव्या सुनेनें उंबरठा ओलांडावा तशी गाडी दारांत यावी, असा प्रकार होता. तिचें एंजिन पेट्रोलचें, चार सिलिंडरांचें, १४८९ घनसेंटिमीटरचें, म्हणजे पुरतें दीड लिटरही नव्हे. त्याचा आवाज खालच्या पट्टींतला, किंचित् घोगरा, पण अखंड असे. नाना रात्रीं-अपरात्रीं वाड्यावस्त्यांवर जात. पावसाळ्यांत ओढ्यापलीकडे तो आवाज ऐकूं आला कीं रोग्याच्या अंथरुणापाशीं बसलेलीं माणसें "डॉक्टर आले" म्हणत कंदील घेऊन बाहेर येत. अर्धें दुखणें त्या आवाजानेंच उतरत असे, असें कित्येकांनीं आम्हांला पुढें सांगितलें. एंजिनाची प्रकृतिही नाना स्वतः पाहत. मेस्त्री लोक लांब स्क्रूड्रायव्हरचें टोंक एंजिनाला टेकवून मूठ कानाशीं धरतात आणि आंतली खटखट ऐकतात. नाना त्या कामीं आपला जुना स्टेथास्कोप लावीत. आम्हां भावंडांना त्याचें हसूं येई.

पुढें पेट्रोल महागत गेलें. डिझेल त्या मानानें पुष्कळ स्वस्त होतें, आणि तेवढ्याच तेलांत गाडी अधिक दूर जाई. दादा नुकतेच शेती आणि घरखर्च पाहूं लागले होते. नाना फी मागत नसत आणि लोकांना ती द्यावयाची आठवण राहत नसे. तेव्हां महिनाअखेरीस पेट्रोलचा आंकडा दादांच्याच डोळ्यांसमोर येई. १९८६ सालीं अपघातांत सांपडलेल्या एका टेंपोचें डिझेल एंजिन त्यांना स्वस्तांत मिळालें. नाना म्हणाले, "तुला योग्य वाटेल तें कर." आमच्या घरांत या वाक्याचा अर्थ होकार असा कधींच होत नसे, पण दादांनीं तो होकार धरला. आंब्याच्या आडव्या फांदीला चेनकप्पी बांधून मेस्त्रींनीं जुनें एंजिन वर उचललें, तें क्षणभर हवेंत हळूहळू फिरत राहिलें, आणि मग परसांतल्या फरशीवर उतरलें. त्या वेळीं नाना दवाखान्यांत होते. रोगी फार नव्हते, तरी ते दुपारीं जेवावयास उशिरां आले.

नवें एंजिन बसवणें म्हणजे एक उचलून दुसरें ठेवणें, अशी आमची समजूत होती. ती त्या पंधरा दिवसांत पार गेली. नवें एंजिन जड आणि उंच. त्याला धरणारे आधार कापून पुन्हां वेल्ड करावे लागले. जुनी गिअरपेटी त्याला जुळेना, म्हणून टेंपोचीच घेतली. ती लांब निघाली, म्हणून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा लेथवर नेऊन आंखूड केला. रेडिएटर पुढें सरकवला. तरी बॉनेट बसेना, तेव्हां त्याला मध्यें फुगवटा काढला. एक बदल दुसऱ्याला बोलावतो आणि दुसरा तिसऱ्याला, असें तें सत्र होतें. अखेर गाडी सुरू झाली. दादांनीं पेढे वाटले.

पेट्रोलचें एंजिन आंत घेतलेल्या मिश्रणाला ठिणगीनें पेटवतें. डिझेलचें एंजिन नुसती हवा सुमारें वीसपट दाबून इतकी तापवतें कीं, तेलाचा फवारा आंत येतांच पेट घेतो. त्या दाबाचा हिसका प्रत्येक स्फोटागणिक सांगाड्याला बसतो. टेंपोच्या जाड सांगाड्याला त्याचें कांहीं वाटत नव्हतें. नानांच्या गाडीचे दरवाजे, कांचा, आरसा, सारें थरथरूं लागलें. पैसे मात्र वाचले, हें कबूल केलें पाहिजे. दादांचा हिशेब चुकला नव्हता. परंतु पहिल्याच पावसाळ्यांत एका वस्तीवर कंदील बाहेर आला नाहीं. त्या माणसांना वाटलें, रस्त्यानें टेंपो चालला आहे. नाना अंधारांत चिखल तुडवीत दारापर्यंत गेले. घरीं परत आल्यावर गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून ते एवढेंच म्हणाले, "रोगी जगला, पण ओळखीचा राहिला नाहीं." त्यानंतर जवळपासच्या गांवांना ते स्कूटरवरून जाऊं लागले.

डॉक्टर माणसाला ही उपमा सुचणें साहजिक होतें. ३ डिसेंबर १९६७ रोजीं दक्षिण आफ्रिकेंतील केपटाऊन येथें डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनीं एका माणसाचें हृदय दुसऱ्या माणसाच्या छातींत प्रथम बसवलें. आणि तीन महिने पुरते होण्याच्या आंत, १९६८ च्या फेब्रुवारींत, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं तें धाडस केलें. नाना त्या दिवसांविषयीं उत्साहानें बोलत. हृदय शिवणें अवघड खरेंच, पण खरी परीक्षा त्यापुढें असते, असें ते म्हणत. बर्नार्ड यांचा रोगी अठरा दिवस जगला आणि न्युमोनियानें गेला. कारण परकें हृदय शरीरानें नाकारूं नये म्हणून शरीराची प्रतिकारशक्तिच दडपावी लागली होती.

नाना २००३ सालीं गेले. त्यांच्या त्या वाक्यानें आमची पाठ सोडली नाहीं, आणि गाड्यांचीं एंजिनें बदलणाऱ्या माणसांचा इतिहास आम्ही जमेल तसा वाचूं लागलों. या मंडळींत हौसेचे आणि गरजेचे असे दोन पंथ आहेत. हौसेच्या पंथाचे मोठे पुरुष इंग्लंडांत सांपडतात. पहिलें महायुद्ध १९१८ मध्यें संपलें, आणि विमानांचीं प्रचंड एंजिनें बिनकामाचीं होऊन स्वस्तांत विकलीं जाऊं लागलीं. कँटरबरीजवळच्या हायम पार्क येथें राहणारा काउंट लुई झ्बोरोव्स्की हा तरुण धनिक त्यांच्या नादीं लागला. युद्धापूर्वीच्या एका मर्सिडीज गाडीच्या सांगाड्यावर त्यानें सुमारें २३ लिटरचें सहा सिलिंडरांचें जर्मन मेबाख विमान-एंजिन चढवलें. नानांच्या गाडीसारखीं पंधरा एंजिनें एकत्र करावीं, तेव्हां त्याची बरोबरी व्हावी! विमानाचें एंजिन फार गरगर फिरत नाहीं. तें सावकाश फिरतें, पण मोठ्या जोरानें. तो जोर वेगांत उतरवण्यासाठीं मागच्या चाकांकडे जाणाऱ्या साखळ्यांचीं दांतेरी चक्रें बेतून बसवावीं लागत. १९२१ च्या ईस्टरला ब्रुकलंड्सच्या शर्यतपथावर ही गाडी जिंकली. तिचें नांव चिटी-बँग-बँग. इयन फ्लेमिंगची त्याच नांवाची मुलांची गोष्ट १९६४ मध्यें निघाली, आणि तें नांव घरोघर पोंचलें. झ्बोरोव्स्की मात्र १९२४ मध्येंच इटलींत मोंझा येथें, दुसऱ्या एका गाडींत, शर्यतींतच मरण पावला.

त्याच्यामागें राहिलेल्या गाड्यांत २७ लिटरच्या लिबर्टी विमान-एंजिनाची एक गाडी होती. ती जे. जी. पॅरी-थॉमस या यंत्रज्ञानें १२५ पौंडांना घेतली, तिला बॅब्स हें लाडकें नांव दिलें, आणि १९२६ च्या एप्रिलांत वेल्समधील पेंडाइनच्या वाळवंटी किनाऱ्यावर तासाला १७१ मैलांचा जागतिक विक्रम केला. पुढच्या वर्षीं तो विक्रम दुसऱ्यानें मोडला. तो परत मिळवण्यासाठीं ३ मार्च १९२७ रोजीं पॅरी-थॉमस त्याच वाळूवर उतरला, आणि गाडी उलटून ठार झाला. लोकांनीं गाडी तेथेंच वाळूंत पुरून टाकली. तिच्याकडे पाहवत नसेल, दुसरें काय! ४२ वर्षें ती समुद्राच्या खाऱ्या ओलाव्यांत पडून होती. १९६९ मध्यें ओवेन विन ओवेन या अध्यापकानें ती उकरून वर काढली, आणि त्या गंजलेल्या ढिगावर वर्षानुवर्षें काम करून ती पुन्हां चालती केली. आम्हांला या गोष्टींत विक्रमापेक्षां उकरणें मोठें वाटतें.

परंतु ज्या गोष्टीनें आमच्या मनांत घर केलें ती अर्नेस्ट एल्ड्रिजची. १९०८ सालची एक प्रचंड फियाट शर्यतगाडी जॉन डफ हा १९२२ मध्यें ब्रुकलंड्सवर चालवीत असतां तिच्या एंजिनाच्या चिंधड्या झाल्या. तो सांगाडा एल्ड्रिजनें घेतला, लांब केला, आणि त्यांत फियाटचेंच २१.७ लिटरचें विमान-एंजिन बसवलें. शक्ति ३२० घोड्यांची. आगीचे लोळ आणि धूर पाहून लोकांनीं तिला मेफिस्टोफेलिस म्हणजे सैतानाचें नांव दिलें. १९२४ च्या जुलैंत फ्रान्समधील आर्पाजों येथें ही गाडी आणि रने थॉमस याची डेलाज गाडी यांची झुंज झाली. एल्ड्रिज जिंकला असें वाटतांच थॉमसनें हरकत घेतली, कीं या गाडीला रिव्हर्स गिअरच नाहीं! नियमाप्रमाणें गाडीला मागें येतां आलें पाहिजे. हरकत मान्य झाली. तीनशेंवीस घोडे पुढें धांवण्यासाठीं जमवणाऱ्या त्या गृहस्थाला एक पाऊल मागें येण्याची सोय ठेवावयाचें सुचलें नव्हतें. एल्ड्रिज रागावला असेल, पण हटला नाहीं; त्यानें घाईघाईनें तशी योजना गाडीला जोडली, परत आला, आणि १२ जुलै रोजीं ताशीं २३४.९८ किलोमीटरांचा विक्रम केला. १९६९ मध्यें फियाट कारखान्यानें ती गाडी परत विकत घेतली. आज ती तुरिन शहरांत त्यांच्या संग्रहांत आहे. पहिल्यानें वाचलें तेव्हां आम्ही हंसलों. दुसऱ्यानें वाचलें तेव्हां मात्र आमच्या परसांतल्या फरशीवर उतरलेलें एंजिन डोळ्यांपुढें आलें.

शक्ति मिळवणें सोपें आणि ती पेलणें अवघड, हा धडा या सर्व इतिहासांत पुनःपुन्हां येतो. इंग्लंडांतील ए. सी. कारखान्याच्या एस नांवाच्या सडपातळ गाडीला ब्रिस्टलचें दोन लिटरचें एंजिन मिळेनासें झालें, तेव्हां कॅरोल शेल्बी या अमेरिकन शर्यतपटूनें १९६२ मध्यें तींत फोर्डचें आठ सिलिंडरांचें ४.२ लिटरचें एंजिन बसवलें. तें नव्या पद्धतीनें पातळ ओतलेलें, त्यामुळें मोठें असून हलकें. गाडीनें तें पेललें, आणि कोब्रा नांवानें ती प्रसिद्ध झाली. पुढें सात लिटरचें एंजिन घालावयाची वेळ आली, तेव्हां मात्र सांगाडा नव्यानें आंखावा लागला. त्याच्या तीन इंची नळ्या चार इंची झाल्या, पाट्यांच्या स्प्रिंगा जाऊन गुंडाळीच्या आल्या, आणि १९६५ मध्यें जणूं दुसरी गाडीच जन्मली. आज कोणी चिमुकल्या स्मार्ट गाडींत सुझुकीच्या हायाबुसा मोटरसायकलचें एंजिन बसवतो. त्यालाही प्रश्न तोच: धांवशील, पण थांबशील कशानें?

आमच्या घरांत हा प्रश्न कोणी वेळेवर विचारला नाहीं. १९८८ च्या उन्हाळ्यांत पांचगणीहून एका लग्नाहून परततांना पसरणी घाटांत गाडीचे ब्रेक तापून निकामी झाले. पुढें एंजिनाचें वजन वाढलेलें, आणि ब्रेक तेच जुने. दोष आमचाच होता. पायाखालचा पेडल सरळ तळाला गेला. दादांनीं पहिल्या गिअरमध्यें गाडी टाकून ती डोंगराच्या अंगाला घांसत नेली, आणि दोन वळणांनंतर ती गटारांत अडकून थांबली. आई रामरक्षा म्हणत होती. ती मध्येंच थांबली होती, तें आम्हांला गाडी थांबल्यावर कळलें. नाना खालीं उतरले, दादांच्या बाजूला गेले, आणि स्टिअरिंगवर घट्ट मिटलेले त्यांचे हात सोडवून एक-एक बोट वांकवून पाहूं लागले. कांहीं मोडलें नव्हतें. कोणी एक शब्द बोललें नाहीं. पुढच्या आठवड्यांत दादांनीं टेंपोचेच ब्रेक बसवून घेतले. जें काम आधीं करावयाचें तें शेवटीं झालें. पण त्या दिवसापासून दादा आणि नाना यांच्यांत गाडीचा विषय निघेनासा झाला, आणि एक विषय बंद झाला कीं त्याच्या आजूबाजूचे विषयही हळूहळू बंद होत जातात.

दादांवर अन्याय होऊं नये म्हणून गरजेच्या पंथाविषयीं चार शब्द लिहिले पाहिजेत. क्यूबा बेटावर १९५९ च्या क्रांतीपूर्वीच्या भल्यामोठ्या अमेरिकन गाड्या होत्या. १९६२ मध्यें अमेरिकेनें व्यापार तोडला आणि त्यांचे सुटे भाग येईनासे झाले. तेव्हां हवानाच्या मेस्त्रींनीं त्यांच्या पोटांत रशियन व्होल्गाचीं, मालमोटारींचीं, मिळतील तीं एंजिनें घालून त्या रस्त्यावर ठेवल्या. आपल्या देशांतही जुन्या अमेरिकन गाड्यांत पर्किन्सचीं डिझेल एंजिनें घालून त्यांच्यावर कित्येकांनीं संसार चालवले. यांचे विक्रम कोठें नोंदलेले नाहींत. झ्बोरोव्स्कीनें एंजिन बदललें तें अधिक वेग मिळावा म्हणून. या माणसांनीं बदललें तें चाक थांबूं नये म्हणून. दादा याच पंथाचे. नाना फी न घेतां वस्तीवर जाऊं शकत होते, तें त्या थरथरणाऱ्या एंजिनामुळेंच, ही गोष्ट आम्हांला फार उशिरां उमगली.

मग गाडी कोणाची? नानांची, कीं टेंपोची? वेताळपंचविशींत असाच पेंच आहे. एका स्त्रीचा नवरा आणि भाऊ देवीपुढें शिरें अर्पण करतात. देवी प्रसन्न होऊन तीं जोडावयास सांगते. आणि घाईंत तिच्या हातून शिरांची अदलाबदल होते. आतां तिचा नवरा कोणता? वेताळाला राजानें उत्तर दिलें कीं, नवऱ्याचें शिर ज्या धडावर तो नवरा, कारण सर्व अंगांत शिर मुख्य. परिवहन खात्याचें मत याच्या नेमकें उलट दिसतें. कागदावर सांगाड्याचा आणि एंजिनाचा असे दोन्ही क्रमांक असतात. पण परवानगी घेऊन एंजिनाचा क्रमांक बदलतां येतो, सांगाड्यावर कोरलेला मात्र गाडीच्या अंतापर्यंत तोच. म्हणजे राजाच्या मतें गाडी टेंपोची, सरकारच्या मतें नानांची. नानांचें मत काय होतें, तें त्यांनीं कधीं बोलून दाखवलें नाहीं. तें आम्हांला दिसलें मात्र.

काढलेलें एंजिन दादा भंगारांत देणार होते. भंगारवाला आलाही, पण नानांनीं त्याला चहा पाजून परत पाठवलें, आणि एंजिन गोणपाटांत गुंडाळून न्हाणीघरामागच्या खोलींत ठेवून दिलें. दरवर्षीं खंडेनवमीला घरांतल्या साऱ्या हत्यारांची पूजा होई. कोयते, विळे, नानांची औषधांची पेटी, आणि गाडीच्या बॉनेटला झेंडूची माळ. हें सारें झाल्यावर नाना दुसरी एक माळ घेऊन एकटेच त्या खोलींत जात. चारी स्पार्कप्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत थोडें तेल सोडीत, पान्यानें एंजिनाला दोन फेरे देत, आणि प्लग पुन्हां बसवीत. पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला धरूं नयेत, एंजिन जाम होऊं नये, एवढाच त्यांत हेतु. आम्हीं एकदां दारांतून पाहिलें आणि मागें फिरलों. १९९६ मध्यें नानांनीं दवाखाना बंद केला, गाडी छपराखालीं उभी राहिली; पण खोलींतला हा नेम ते गेले त्या वर्षापर्यंत चालला.

असा सारा मागचा हिशेब असल्यामुळें पुतण्याच्या अर्जावर सही करणें आम्हांला जड गेलें. विजेच्या मोटरीला स्फोट नाहीं, थरथर नाहीं, धूर नाहीं; आणि आवाजही नाहीं. ज्या गाडीची ओळख तिचा आवाज होती, ती आतां मुकी होणार! परंतु तो मुलगा अजाण नव्हता. त्यानें आम्हांला जग्वार कारखान्याचें उदाहरण सांगितलें. त्यांनीं आपल्या जुन्या ई-टाइप गाडीला विजेची यंत्रणा बसवून ती २०१७ मध्यें लोकांपुढें ठेवली. इंग्लंडच्या राजपुत्र हॅरीच्या लग्नांत, १९ मे २०१८ रोजीं, नवदंपती अशाच गाडींतून गेलें. तिची खुबी अशी कीं, नवी यंत्रणा मापानें आणि वजनानें जुन्या एंजिनाएवढी आणि गिअरपेटीएवढीच बेतलेली. म्हणून सांगाड्याला कापाकापी नको, ब्रेक-स्प्रिंगांवर नवा भार नको. आणि उद्यां कोणाला वाटलें तर जुनें एंजिन पुन्हां जागेवर. "म्हणजे मागें येतां येतें, काका," तो म्हणाला. एल्ड्रिजची गोष्ट त्याला ठाऊक नव्हती.

त्यानंतर त्यानें जें विचारलें त्याची आम्हांला अपेक्षा नव्हती. "आजोबांचें एंजिन अजून आहे का? तें फिरेल का?" आम्ही म्हणालों, वीस वर्षांहून अधिक काळ त्याला कोणी हात लावलेला नाहीं, कधींच जाम झालें असेल. तरी पाहावें म्हणून कंदिलाच्या जागीं आतां मोबाइलचा दिवा घेऊन आम्ही दोघे उठलों. पान्याची शोधाशोध करणार, तोंच वर्तमानपत्राच्या मागून आवाज आला, "मोठा पाना खिडकीवरच्या फळीवर आहे. तेलाची बुधली त्याच्याच शेजारीं."

आम्ही खोलींत गेलों. गोणपाटावर धूळ होती, पण फार नव्हती. एका कोपऱ्यांत झेंडूच्या वाळलेल्या माळा एकीवर एक ठेवलेल्या होत्या. वरची माळ सुकली असली तरी तिचा रंग अजून गेला नव्हता. पुतण्यानें प्लग काढले आणि पाना लावून हलकेंच ओढलें. एंजिन फिरलें. चारी पिस्टन एकामागून एक वर आले आणि खालीं गेले, आणि प्लगच्या रिकाम्या भोंकांतून श्वास टाकावा तशी हवा बाहेर आली. पुतण्या आनंदानें ओरडला. आम्हांला मात्र कांहीं वेळ बाहेर येववलें नाहीं. ज्या हातांनीं तें एंजिन काढलें, तेच हात दरवर्षीं, कोणाला न सांगतां, त्याला तेल घालीत होते. आणि आम्ही, जे इतकीं वर्षें मनांतल्या मनांत नानांच्या बाजूचे म्हणवीत होतों, आम्हीं त्या खोलीचें दारसुद्धां उघडलें नव्हतें.

बाहेर येऊन आम्हीं पुतण्याला संमति दिली. परिवहन खात्याची परवानगी आणि मंजूर झालेलेंच सामान, या गोष्टी त्याला ठाऊक होत्याच. आम्हीं दोन अटी घातल्या. पहिली, आधीं ब्रेक आणि मग मोटर. दुसरी, डिझेलचें एंजिन निघालें कीं तें भंगारांत जावयाचें नाहीं. तें नानांच्या एंजिनाशेजारीं राहील. त्यानेंही या गाडीची दहा पावसाळे सेवा केली आहे, आणि घर त्याच्यावर चाललें आहे.

दादांनीं वर्तमानपत्राची घडी घातली, चष्मा काढून पुसला, आणि झोपाळ्यावरून उतरतां उतरतां म्हणाले, "मग आणखी एक गोणपाट लागेल."